दादाने वाढवलेला स्पीड
तापलेल्या धुळीचा वास आला की मला संगमनेरातली उन्हाळ्याची ती दुपार आठवते. दादाने कॉम्प्युटरचा डबा उघडून घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्याकडे वळवला होता. "बसचा, म्हंजी आतल्या डेटाच्या रस्त्याचा, स्पीड वाढवला की प्रोसेसरबी लई पळतो," तो मला म्हणाला. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "आरं, मानसं उकडून निघाली अन् वारा त्या डब्याला!" त्याने सेटिंगमधला त्या स्पीडचा आकडा वाढवला आणि स्क्रीन काळी पडली. दादा हसला. सगळं सेटिंग पुसलं जावं म्हणून त्याने आतला गोल सेल काढला, मुठीत धरून जरा थांबला, परत बसवला आणि या वेळी आकडा थोडा कमी ठेवला. मशीन सुरू झालं. "आता याला हात लावू नको हां." त्याच वर्षी दिवाळीआधी दादा वारला. त्याच्या त्या स्पीडला मशीन मधूनच अडकायचं, तरी मी आकडा बदलला नाही. अडकलं की वाटायचं, आता तो उठून बघायला येईल. काल लाईट गेली, तेव्हा सेटिंग जपून ठेवणारा तो गोल सेल संपलेला निघाला आणि दादाचा आकडा पुसला गेला. मशीन आता मूळ स्पीडवर चालतंय. सकाळपासून मी समोर बसलेय, एकदाही अडकलेलं नाही.