बिनसुरकुतीचं शहर

हॉस्पिटलच्या तळघरात धुलाईघर होतं. तिथे सगळे तिला घडीबाई म्हणत. इस्त्रीच्या रुळांतून चादर बाहेर आली की ती कोपऱ्याला कोपरा असा जुळवायची की बघणाऱ्याला उलगडायचं जिवावर यावं. स्वभावही तसाच. कोणी टाकून बोललं तरी हिचं आपलं ‘असू दे’. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, बाई खंबीर आहे हो! खंबीर कसली? रडायला ना सवड होती ना आडोसा. पुढे मुलगी शिकायला लांब गेली आणि घर इतकं शांत झालं की नळ ठिबकला तरी सोबत वाटायची.

त्या शांततेत तिनं कादंबरी लिहायला घेतली. शाळा अर्धवट सुटलेली, पण वाचनाचा नाद भारी, आणि त्यातही उद्याच्या जगाच्या गोष्टींचा. दिवसभर पांढऱ्या चादरी बघून तिला एक शहर सुचलं होतं. तिथे कोणी उपाशी नाही, कोणी आजारी दिसत नाही, कोणी कोणावर ओरडत नाही. प्रत्येक घराच्या भिंतीत एक दिवा. आवाज चढला की तो निळा होतो. सकाळी दोन हसरी माणसं येतात आणि ओरडणाऱ्याला अलगद घेऊन जातात. तो परत येतो तो गोडगोड होऊन. काही जण परत येतच नाहीत, पण त्यांची चौकशी करणं वाईट दिसतं, म्हणून कोणी करत नाही.

कादंबरी निम्मी झाली आणि अक्का राहायला आली. अक्का म्हणजे तिची थोरली नणंद. हयात बसमध्ये कंडक्टर म्हणून गेलेली. डेपोत तिला तोफ म्हणत. निवृत्त झाली, गुडघे कुरकुरायला लागले, तशी ट्रंक उचलून भावाच्या घरी आली. आल्या आल्या म्हणाली, “पडदे कोणी निवडले गं? बघूनच झोप येते.”

“असू दे अक्का, बदलू.”

“आणि हा चहा आहे की चहाची आठवण?”

“असू दे, दुसरा करते.”

एका सुट्टीच्या दिवशी अक्काला टेबलावरचे कागद दिसले. “काय खरडतेस?”

“गोष्ट आहे एक.”

“मग वाच की. मी मटार सोलते. हातांना काम, कानांना करमणूक.”

घडीबाईनं भीत भीत वाचायला घेतलं. आश्चर्य म्हणजे अक्का गप्प बसली. पुढच्या सुट्टीलाही बसली, त्याच्या पुढच्यालाही. लिहिलेलं सगळं वाचून संपलं तेव्हा शेंगा बाजूला सारून म्हणाली, “छान आहे.” घडीबाईला आपल्या कानांवर विश्वास बसेना. पण अक्काचं बोलून अजून व्हायचं होतं. “फक्त एक सांग. तुझ्या शहरात सगळ्यांचे कपडे पांढरेशुभ्र, रोज नवी चादर. त्या चादरी धुतो कोण?”

“यंत्रं धुतात.”

“तुमच्या तळघरात यंत्रं नाहीत?”

“आहेत ना.”

“मग तू रोज तिथे माश्या मारायला जातेस?”

घडीबाईच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. “तुम्हाला काय कळतं कादंबरीतलं? आल्यापासून बघतेय! पडदे वाईट, चहा वाईट, आता माझं शहरही वाईट. एवढंच सोसवत नसेल ना, तर...”

ती थांबली. आपला आवाज शेजाऱ्यांपर्यंत गेला असेल, या विचारानं ती पांढरीफटक पडली.

“थांबलीस का?” अक्का म्हणाली. “‘तर जा’ म्हणायचं होतं ना?”

“हो! जा!” घडीबाई ओरडली, आणि ओरडता ओरडता तिचा बांध फुटला. नवऱ्याच्या मागे पहिल्यांदाच ती मोठ्यानं रडली.

अक्कानं जवळबिवळ घेतलं नाही. ते तिला जमायचंच नाही. मटारांनी हिरवा झालेला हात तिच्या गुडघ्यावर ठेवून म्हणाली, “माझाही भाऊ होता गं तो. या घरात तू डोळ्यांत टिपूस आणायची नाहीस, मग मी बाथरूमचा नळ सोडून रडायची, चोरासारखी. म्हटलं, हिला एकदा चिडवावं तरी.”

त्या दिवशी स्वयंपाक झालाच नाही. दोघी मिटक्या मारत कच्चे मटार खात बसल्या आणि एका माणसाबद्दल बोलत राहिल्या. तो किती वेंधळा होता, घोरायचा कसा, लग्नात चुकून अक्काच्याच चपला घालून कसा निघाला होता.

मग घडीबाईनं कादंबरी पुन्हा लिहिली. आता शहराच्या खाली एक तळघर आलं. जी माणसं गोड होईनात, ती तिथे वरच्यांच्या चादरी धूत होती. यंत्रांच्या खडखडाटात त्यांना मोठ्यानंच बोलावं लागे, आणि वर ऐकू जात नसे, म्हणून ती पोटभर भांडत, हसत, रडत. हरवलेल्या बहिणीला शोधत एक मुलगी तिथे उतरते आणि परत वर जायला नकार देते. तळघरातल्या शिव्या अक्कानं पुरवल्या. त्यात तिनं हात आखडता घेतला नाही.

दोन-तीन ठिकाणांहून नकार आला. शेवटी एका छोट्या प्रकाशकानं पुस्तक काढलं. धुलाईघरात जेवणाच्या सुट्टीत त्याची जाहीर वाचनं झाली. इस्त्रीच्या रुळावर काम करणारी जाडी मैत्रीण कादंबरीतल्या तळघरात स्वतःला ओळखून रुसली, “मी काय एवढी ढोली आहे?” आणि लगेच स्वतःची पानं पुन्हा वाचायला लावली.

हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये छोटासा समारंभ झाला. घडीबाई उभी राहिली. “लोक म्हणतात, गोड माणसं भेटायला भाग्य लागतं,” ती म्हणाली. “मला एक तिखट माणूस भेटलं, त्यातच माझं भाग्य आलं. ती आली नसती तर मी लिहिलं असतं, पण खोटं लिहिलं असतं. अक्का, तुमचे उपकार...”

“उपकार परक्यांचे मानतात,” दुसऱ्या रांगेतून अक्का कडाडली. “आणि माइक तोंडाजवळ धर, मागच्यांना ऐकू जात नाही!”

सगळं कँटीन हसलं. घडीबाईही हसली, आणि माइक जवळ घेऊन उरलेले आभार तिनं सावकाश, मनासारखे मानले.

पंधरवड्यानं मुलीचा फोन आला. पुस्तक वाचून झालं होतं. “आई,” ती म्हणाली, “बाबांबद्दल माझ्याशीही बोल ना. तुला त्रास होईल म्हणून मी विषयच काढत नव्हते.”

“अगं, मीही तुझ्यासाठीच काढत नव्हते,” घडीबाई म्हणाली आणि खुर्ची ओढून नीट बसली. बोलणं लांबत गेलं. आतून अक्का हाका मारायला लागली, “मलाही दे की गं फोन, किती वेळ?”

“थांबा हो अक्का,” घडीबाई चढ्या आवाजात म्हणाली, “माझं अजून व्हायचंय!”