केवळरामची शिट्टी

करडीच्या पुढे मोहटोला म्हणून गाव आहे, आणि त्या गावात आग लागली तर ती केवळरामला विचारून विझते. हसू नका, तसा ठरावच होता.

आधी असं नव्हतं. कुठं धूर दिसला की कोणीतरी मारुतीच्या देवळातली घंटा बडवायचं आणि गाव हातातलं काम टाकून बोडीकडं पळायचं. बोडी म्हणजे गावाचं छोटं तळं. बायका घागरी भरायच्या, माणसं भिजवलेली पोती आगीवर आपटायची, आणि एकमेकांना शिव्या देत देत सगळे मिळून आग विझवायचे. कोण प्रमुख आणि कोण सभासद, याची कोणाला पडली होती? मग एका उन्हाळ्यात दोन-चार गोठे जळाले. तुमसर काही शेजारच्या आळीत नाही, तिथली आगीची गाडी येईपर्यंत राखसुद्धा थंड झाली. तेव्हा वरच्या साहेब लोकांच्या मनात आलं, की गावाचं स्वतःचं अग्निशमन दल पाहिजे. ट्रॅक्टरला जोडायची लाल टाकी आली, पंप आला, नळी आली, नारळ फुटला. स्वयंसेवक कोण होतो म्हणून विचारलं, तर सगळ्यात आधी केवळरामचा हात वर.

माणूस वाईट नाही हो. धानाचा शेतकरी, कष्टाळू, कोणाच्या मयतीला सगळ्यांच्या आधी हजर. पण जन्मात त्याला कोणी आपणहून नमस्कार घातला नव्हता, आणि दलप्रमुख झाल्यावर लोक घालायला लागले. ही चटक फार वाईट! चिखल्याच्या खाणीत कामाला असलेल्या साळ्याकडून त्यानं पिवळं हेल्मेट आणलं, खाकी शर्ट शिवला, गळ्यात शिट्टी अडकवली. दर रविवारी कवायत सुरू झाली. बादल्या घेऊन लोकांची रांग लागायची. शिट्टी वाजली की बादली पुढे, नाही वाजली तर जागचं हलायचं नाही.

"शिस्त पायजे, शिस्त!" तो ओरडायचा. "गोंधळानं आग नाई इझत!"

त्याची बायको सत्यभामाबाई धुणं घेऊन तिथूनच जायची. "अजी, आगीले माईत हाय का तुमची शिस्त?" ती विचारायची. केवळराम ऐकलं न ऐकलं करायचा. प्रमुखानं रस्त्यात बायकोशी बोलायचं नसतं.

गेल्या वर्षी टिकारामच्या गोठ्याला आग लागली. दलाची ही पहिलीच आग, केवळराम अंगात आल्यासारखा उठला. पण हेल्मेट सापडेना. शोधता शोधता कळलं, की सत्यभामाबाईनं त्यात कोंबडी बसवलीय. कोंबडी उठवून, अंडी उतरवून, हेल्मेट घालून साहेब पोचले, तर टिकाराम आग विझवून ओट्यावर बिडी ओढत बसलेला! केवळरामला असा राग आला, की जणू आग त्याच्या मालकीची होती आणि ती टिकारामनं चोरली. ग्रामसभा बोलावली. परवानगीशिवाय आग विझवणं हा दलाचा अपमान आहे, म्हणून टिकारामला उभं करून माफी मागायला लावली.

"चुकलो बाप्पा," टिकाराम हात जोडून म्हणाला. "पुढच्या बारीले गोठा जळू देतो."

लोक खो खो हसले, पण ठराव झालाच: प्रमुखाची शिट्टी वाजल्याशिवाय कोणी आगीला हात लावायचा नाही.

मग या वर्षी दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, आली. मंडईच्या दिवसात धान कापून झालेलं असतं. भारे बांधून शेतात पुंजणं रचतात आणि चुरण्याची, म्हणजे मळणीची, वाट बघतात. घरातला वर्षाचा भात त्या एका राशीत उभा असतो. केवळरामचं शेत मंडईच्या मैदानाला लागूनच, आणि मंडईत पाहुण्यांच्या हस्ते यंदा सत्कार कोणाचा, तर केवळरामचा. पाहुण्यांच्या कपड्यांना धूळ लागू नये म्हणून त्यानं सकाळीच लाल टाकी मैदानावर रिकामी केली होती. पहिला हार पडला की रॉकेट सोडायचं, हेही त्यानंच दलातल्या इश्वरला बजावलं होतं.

झेंडूचे हार पडले. रॉकेट सुटलं, वर गेलं, वाकडं झालं आणि सरळ केवळरामच्या पुंजण्यात शिरलं.

धूर निघाला. आणि काय सांगू, गावाची शिस्त बघण्यासारखी होती! धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही. मांडवातल्या बादल्या घेऊन लोकांनी बोडीपासून पुंजण्यापर्यंत रांग धरली, बादल्या भरून पुढे आल्या आणि तिथंच थांबल्या.

"कप्तान, शिट्टी!" इश्वर ओरडला.

केवळराम धावत आला. हारांच्या ढिगाखालून त्यानं शिट्टी ओढून काढली आणि जीव खाऊन फुंकली. फुस्स! आत झेंडूच्या पाकळ्या घुसलेल्या. पुन्हा फुंकली, पुन्हा फुस्स. पुंजण्याचा एक कोपरा भडकला होता आणि गाव बादल्या धरून अदबीनं त्याच्या तोंडाकडं बघत होतं.

सत्यभामाबाईनं पहिल्या माणसाच्या हातातली बादली हिसकली आणि फेकली आगीवर.

"थांब!" केवळरामच्या तोंडून निघून गेलं. "शिट्टी नाई वाजली!"

सत्यभामाबाई वळली. तिचे डोळे धुरानं भरले होते, की रागानं, कोण जाणे. "वर्षभर लेकरायले काय शिट्टी वाढू?" ती म्हणाली.

तेवढ्यात भिजवलेलं पोतं खांद्यावर टाकून कोणीतरी पुंजण्यावर चढलं. टिकाराम होता तो. वरूनच म्हणाला, "माफी उद्या मांगतो, भाऊ. आज इझवू द्या."

केवळरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं गळ्यातले हार तोडले, डोक्यावरचं हेल्मेट उपसलं, तेच बोडीत बुडवलं आणि पाणी घेऊन पळाला. "टाका रे बापा, टाका! कायची वाट पाहून राहिले?" मग गाव सुटलं. घागरी, पोती, शिव्या, ढकलाढकली, सगळं जुन्यासारखं. आग विझली तेव्हा अर्धं पुंजणं उरलं होतं.

नव्या धानाचा पहिला भात शिजला, त्या दिवशी केवळरामनं टिकारामला घरी जेवायला बोलावलं. सत्यभामाबाईनं दोघांना वाढलं. टिकाराम हात धुऊन बसला, पण ताटाला हात लावेना.

"खा ना, टिकाराम," केवळराम म्हणाला. "कायले थांबला?"

"तुमी म्हटल्याशिवाय कसा खाऊ, कप्तान?"

सत्यभामाबाई पदर तोंडाला लावून हसली. केवळराम हसला नाही. त्यानं आपल्या हातानं घास कालवला, आधी टिकारामच्या तोंडात घातला आणि मग स्वतः खाल्ला. भाताला धुराचा वास येत होता, आणि वर्षभर येणार होता.