वाटा आणि वाटप

इनास माझा सख्खा धाकटा भाऊ. चौक गावात 'जोकीमचा भाऊ' म्हटलं की कोणीही घर दाखवेल. त्याला पोहायला मी शिकवलं, पहिली बिडी ओढली तेव्हा मुस्काटात मी दिली, म्हणून आज त्याची स्वतःची बोट आहे. मी सातवी, तो पाचवी. म्हणजे घरात शिकलेला मीच.

त्याला एक खोड आहे. बोट लागली की मासळीचे वाटे पडतात. बोटीचा, जाळ्याचा, मग एकेका खलाशाचा. इनास वर आणखी एक वाटा काढतो, येशूचा. तोही सगळ्यांच्या आधी, चांगला ताजा सरंगा बघून. खलाशी बोंबलतात, "मामा, येशू जाळं ओढायला कधी येत न्हाय!"

"तुम्ही झोपा काढता तेव्हा तोच ओढतो," इनास बोलतो.

हा वाटा जातो कुठे, ते मी शोधून काढलं. कारण सरंगा माझ्या घरी येत नव्हता. बोंबील वाळवायच्या जागेमागे झोपड्या आहेत. तिथे अनसूया राहते. जालन्याकडून आलेली, नवरा वारलेला, आमच्या बोटीचे बोंबील वाळत घालते. इनास तिच्या दारात पिशवी देतो आणि बोलतो, "बाय, हा तुझा वाटा." परत येताना शीळ घालत येतो, लॉटरी लागल्यासारखा. माझं घर दुमजली, खाली-वर टाइल्स, पण मला कधी अशी शीळ सुचली नाही.

"दादा, बाहेर बोलू नको," त्याने मला सांगितलं. "उजवा हात देतो ते डाव्याला कळू नये, असं प्रभूनं सांगितलंय."

"पण मला तर कळलं!"

"मग तू डावा. गप बस."

बसलो गप. पण सप्टेंबरात त्याला पन्नास पुरी झाली. एवढा भाऊ आणि साधा बॅनर नाही? लावला बसस्टॉपसमोर, चांगला वीस फुटी. 'दानशूर इनासशेठ यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! गोरगरिबांना रोज मोफत मासळी वाटप!' खाली शुभेच्छुक म्हणून माझा फोटो, गॉगल लावलेला. तो इनासच्या फोटोपेक्षा मोठा आला. बॅनरवाल्याची चूक नाही, मीच तसं सांगितलेलं.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली आणि लोक बॅनरखाली जमले. तेवढ्यात अनसूया आली. हातात सकाळचीच पिशवी, मासळीने भरलेली. कोणीतरी तिला बॅनर वाचून दाखवलेला.

"हे गोरगरीब कोन?" तिने विचारलं.

"अगं, तुम्हीच की!" मी बोललो. "बघ, तुमच्यासाठी केवढं छापलंय!"

"बोटीचे बोंबील वाळवते म्हनून माझा वाटा, असं इनासदादा बोलले. दोन वर्सं वाटा समजून खाल्ला. हे वाटप हाय व्हय? वाटा घेईन मी. वाटप न्हाई घेनार." आणि पिशवी माझ्या पायाशी ठेवली.

बसमधली माणसंसुद्धा वाकून बघत होती. इनासचा चेहरा पडला. उद्यापासून येशूचा वाटा घ्यायला कोणी नाही, हे त्याला आधी समजलं, मला मागून.

"दादा," तो हळूच बोलला, "लहानपणी तू एवढा मारलास, पण असं कधी लागलं न्हाय."

मग तो बॅनरच्या दोऱ्या सोडायला लागला. "अनसूयाबाय, ते टोक धर."

तिने रागातच धरलं. धरल्या धरल्या दोन बोटांनी चोळून बघितलं. "जाड हाय. माझं छप्पर गळतंय."

"मग घेऊन जा."

"वाटप हाय?"

"न्हाय. काढायला हात लावलास ना? तुझा वाटा. रंगीत बाजू आत ठेव, बाहेरून कोणाला दिसायला नको."

ती बॅनर घेऊन गेली. मासळीची पिशवी मात्र तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इनासने नवी पिशवी माझ्या हातात दिली. "बिघडवलं तू, तूच जा." रात्रभर पाऊस धो धो पडलेला. अनसूयाच्या दारात उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला शब्द शोधावा लागला.

"बाय, तुझा... वाटा."

तिने पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग पिशवी घेतली आणि बोलली, "आत या. वर बघा."

वर माझंच तोंड, गॉगलसकट, भिंतीपासून भिंतीपर्यंत. खाली जमीन कोरडी ठाक.

"एक थेंब आला न्हाई," ती बोलली. "तुमच्या तोंडातून काई गळलं न्हाई, असं पहिल्यांदाच झालं म्हनत्यात."

सणाला आम्ही फुगे तळतो. पीठ कढईत सोडलं की फुगा आपोआप वर येतो. तसं मला झालं. येताना तोंडातून शीळ निघाली, बेसूर, पण निघाली.

बसस्टॉपवर दहा जणांनी विचारलं, "काय जोकीम, खुशीत? कुठून आलास?"

"फिरायला गेलेलो," मी बोललो, आणि गप्प राहिलो. एवढं गप्प बसणारा अख्ख्या चौकात दुसरा दाखवा मला.