शेजारी राहायला गेलेले देव

आई गेली त्या संध्याकाळी आमच्या घरातले देव शेजारी राहायला गेले. सुतकात घरच्यांनी देवांना हात लावायचा नसतो, आणि पूजा तर खंडू द्यायची नसते. म्हणून तेवढे दिवस देव दुसऱ्या कुणाकडे सोपवायचे, अशी रीत होती. आईच्या दुखण्यात मदतीला तळेगावहून आलेली आत्या म्हणाली की देवळातल्या भटजींकडे निरोप धाडू. तो निरोप जाण्याआधीच कुडापलीकडची काकू आली. काकूच्या घरची भाजीची वाडी होती. मेथीच्या वाफ्यातून तशीच उठून आली असावी, लुगड्याचा काठ ओला होता. तिने अंगणात हात धुतले, कोनाड्यासमोर वाकली आणि ताम्हणासकट देव पदराखाली घेतले.

आत्याला ते पटलं नाही. दुसऱ्या जातीच्या घरी आपले देव जातात, हे तिने पुरतं बोलूनही दाखवलं नाही, नुसती उंबऱ्यात उभी राहिली. तेव्हा बाबा म्हणाले, “नेऊ दे.” त्या दिवसांत ते बोललेले एवढे दोनच शब्द मला आठवतात.

देव म्हणजे दोनच. पितळेची अन्नपूर्णा आणि रांगता बाळकृष्ण. लग्नात मुलीबरोबर माहेरहून हे दोन देव देतात, तसे आजीने आपल्या पूजेतले हेच दोघे आईबरोबर दिले होते. घराण्याचे टाक बाबांच्या थोरल्या भावाकडे असत. बाबा वर्ध्याच्या कचेरीत कारकून. सकाळची मोटार गाठायच्या घाईत त्यांनी कधी देवाकडे पाहिलंही नसेल. पूजा आईची होती, ती अंथरुणाला लागल्यावर आत्या करायची. मी मॅट्रिक होऊन घरी होते, वाचनालयातून पुस्तकं आणून आईच्या उशाशी वाचत बसायचे. आईच्या दुखण्याच्या त्या वर्षभरात, कुणाचं लक्ष नसताना, मीही त्या दोघांशी पुष्कळ बोलले होते. काय मागितलं ते सांगायला नकोच.

थंडीचे दिवस होते. आमच्या पवनारला त्या दिवसांत पहाटे धाम नदीचं धुकं वर चढून गावात येतं आणि चुलींच्या धुरात मिसळतं. मग धूर कुठला आणि धुकं कुठलं ते कळत नाही. मी अर्धवट जागी असायचे. तुराट्यांच्या कुडापलीकडून काकूचा आवाज यायचा आणि कितीतरी वेळ मला वाटायचं की ती माझ्याशीच बोलते आहे.

“उठा आता. ऊन आंगनात आलं. घ्या, पानी ऊन केलं हाये. थंडी कशी पडून राह्यली, लेकरू गारठते ना.”

ऊन काही आलेलं नसायचं. ती तांब्यातून धार धरायची आणि सारखं बोलत राहायची. काल वांग्याला भाव आला नाही, बैल पाय टाकत नाही, सांबार म्हणजे कोथिंबीर दवाने करपली. बाळकृष्णाची तिला फार काळजी. एक गुडघा टेकून बिचारा किती दिवस राहणार, म्हणून त्याच्या गुडघ्याखाली तिने चिंधीची घडी ठेवली होती. कधीकधी मध्येच ती गप्प व्हायची, आणि ती शांतता ऐकत मी पुन्हा झोपायचे. स्वप्नात आई दिसत नसे. नुसतं पाणी ओतल्याचा आवाज येई.

एकदा आत्या कुडापाशी जाऊन बघून आली. आमच्याकडे अन्नपूर्णेला तांदळात बसवत. काकूने तिला ज्वारीत बसवलं होतं. आत्याने विचारलं तर काकू म्हणाली, “आमच्या घरी आली तं आमचंच खाईन ना, बाई. तांदूळ आम्ही दिवाळीले पाह्यतो.” आत्या त्यावर हसली नाही. पण घरात आल्यावर मला हे सगळं आवाज काढून सांगितलं, आणि सांगता सांगता तिचेच डोळे भरून आले.

सुतक फिटलं. घर सारवून झालं, आणि आत्या म्हणाली की जा, देव घेऊन ये. मी म्हटलं, राहू दे सध्या. तिने विचारलं, सध्या म्हणजे कधीपर्यंत? कोनाड्यात तेलाचा डाग होता, त्याच्यावर समईच्या काजळीची बारीक रेघ. तिथे ते दोघे पुन्हा येऊन बसतील, काही झालंच नाही असे माझ्याकडे बघतील, आणि रोज सकाळी मी त्यांना फुलं वाहायची, हे माझ्याने होणार नव्हतं. मी तसं बोलले नाही. आत्याला कळलं मात्र.

“पूजा व्हायची नसेल तर धामेत सोडून दे,” ती म्हणाली. “उपाशी देव घरात ठेवत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी ती तळेगावला परतली. मग घरात बाबा आणि मी. चूल मी फक्त चहापुरती पेटवायची. जेवण काकूकडून यायचं, भाकरी आणि झाकून आणलेली काहीतरी भाजी. बाबा आईचं नाव काढत नसत. तिची एखादी वस्तू मागायची वेळ आली तर ‘ती, त्या फडताळातली’ एवढंच म्हणत. देवांबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही. पण दिवा लावायच्या वेळी ते कोनाड्याकडे पाठ करून बसू लागले, हे मी पाहत होते.

एका संध्याकाळी काकूने कुडावरून हाक मारली.

“माय, तुझे देव घेऊन जाय. मी उद्या पहिल्या मोटारीनं केळझरले चालली. लेकीचे दिवस भरले.”

मी म्हटलं, काकांकडे राहू द्या ना.

“त्याले? तो सोताच्या आंगावर पानी घेत नाई, देवाले काय घालीन?” मग माझ्याकडे जरा पाहून तिने विचारलं, “काऊन नेत नाई व तू?”

मी सांगितलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं, की मी त्यांच्याकडे काय मागितलं होतं.

काकूने कुडातल्या तुराटीची साल सोलायला घेतली. “मंग राग हाये तुले,” ती म्हणाली. “असू दे. बोलू नको त्याइच्याशी. पन आंघोळ तं घालशीन का नाई?”

पहाटे ती आली, ताम्हण फडक्यात बांधून माझ्या हाती दिलं आणि मोटारीसाठी सडकेकडे गेली. अंगणात मी एकटीच गाठोडं घेऊन उभी. बाबा उठले नव्हते. कोनाड्यात देव ठेवायला माझे पाय घरात वळले नाहीत, नदीकडे वळले.

धामेच्या पात्रात इथे काळे खडक आहेत, त्यांच्यामधून पाणी वाट काढत जातं. धुकं इतकं दाट होतं की पलीकडचा काठ नव्हताच. काठावरच्या आश्रमातल्या प्रार्थनेचे सूर तेवढे पाण्यावरून येत होते, शब्द गळून गेलेले. आईची राख याच पाण्यात गेली होती. हे दोघे तिचेच. तिच्या मागे जाऊ देत, असं मी ठरवलं होतं. खडकावर बसून मी गाठ सोडली. कालचं झेंडूचं फूल अजून बाळकृष्णाला चिकटलेलं होतं. ज्वारीचे दाणे ताम्हणभर झाले होते.

शिळ्या फुलासकट कसं सोडायचं, म्हणून मी ते काढलं. मग अन्नपूर्णेला ओंजळीतल्या पाण्याने धुतलं. मी पूजा कधी केली नव्हती. मूर्ती डाव्या तळहातावर घेतली आणि उजवा अंगठा तिच्या तोंडावरून फिरवला, तेव्हा लक्षात आलं की तिला नाक नाही, डोळे नाहीत. लहानपणापासून मी तिला पाहत आले होते, समईच्या उजेडात, लांबून. आणि चेहरा आहे असंच धरून चालले होते. तो झिजून गुळगुळीत झाला होता. नेमका अंगठ्याएवढा खोलगट. आईचा अंगठा रोज तिथून फिरला होता, तिच्याआधी आजीचा. माझा अंगठा त्या खळगीत अलगद बसला.

मी तशीच बसून राहिले. पाणी खडकाला लागून जात होतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. प्रार्थना थांबली होती आणि धुक्यात कुठेतरी उजेड विरघळू लागला होता. मला देव भेटला असं काही नाही. राग होता तिथेच होता. पण तो अंगठा उचलून पाण्यात मूठ उघडणं मला जमलं नाही. मी बाळकृष्णालाही धुतलं, दोघांना पदराने पुसलं आणि परत निघाले.

बाबा ओसरीवर उभे होते. त्यांनी विचारलं, कुठे गेली होतीस. मी म्हटलं, नदीवर, देवांना आंघोळ घालायला. ते माझ्या भिजलेल्या पदराकडे बघत राहिले. मग आत गेले, कोनाड्यातली धूळ पंच्याने पुसली, आणि मी देव ठेवले तेव्हा शेजारी उभे राहिले.

“नैवेद्याला काय आहे?” त्यांनी विचारलं.

काहीच नव्हतं. काकू केळझरच्या वाटेवर होती. बाबांनी सकाळची मोटार जाऊ दिली, आणि काकांच्या वाडीतून स्वतः जाऊन चार वांगी आणली. मी चूल पेटवली. भाकऱ्या धड गोल झाल्या नाहीत. भाजी शिजली तशी वाटीत काढून कोनाड्यासमोर ठेवली, पाणी फिरवलं, आणि मग आम्ही दोघं जेवायला बसलो.

बाबांनी पहिला घास घेतला आणि थांबले.

“मीठ नाही यात.”

“नैवेद्याचं चाखून कसं बघणार?” मी म्हटलं.

भाकरीचा तुकडा हातात तसाच होता. मग ताटाकडे बघत म्हणाले, “तुझ्या आईचंही व्हायचं असं. लग्नानंतर पहिलं वर्षभर रोज. मी कधी बोललो नाही तिला.”

मी उठून मिठाची वाटी आणली आणि त्यांच्या ताटात वाढलं.