खालच्या कडेची घरं

तंजावूरच्या एका शाळेत मी सव्वीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. दर वर्षी मधमाशीचा धडा यायचा आणि दर वर्षी मी फळ्यावर तीन माश्या काढायची: राणी, कामकरी, नर. एवढ्या वर्षांत मधमाशीची पेटी मात्र एकदाही उघडून पाहिली नव्हती.

निवृत्तीनंतर ही उणीव भरून काढावी म्हणून परसात शेवग्याखाली एक पेटी ठेवली. ती दिली जवळच्या पापनाशम गावच्या एका माणसाने. नारळाच्या बागेत त्याच्या तीसेक पेट्या होत्या. वय चाळिशीचं, शिक्षण आठवीपर्यंत. मी त्याला ‘तंबी’, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायची, तो मला ‘टीचर’. माझ्याशी बोलताना आधी हात पुसायचा. या आदराने आमचा दोघांचाही घात केला.

पोंगल होऊन महिना झाला असेल. तो सहज पेटी बघायला आला. पोळ्याची एक चौकट उचलून म्हणाला, “टीचर, नर वाढलेत. त्यांच्या घरांची ही टोपीसारखी झाकणं बघा, वर बारीक भोक आहे. आत माश्यांना जागा पुरत नाहीये. आता खालच्या कडेवर लक्ष ठेवा...”

मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. भरपूर खायला असलं की वसाहत नर पोसते, हे सुबत्तेचं लक्षण आहे, असं मी त्याला सविस्तर समजावलं. मध्येच “कळलं ना?” असंही विचारलं. तो मान हलवत राहिला. चौकट जागेवर ठेवली, कॉफी घेतली आणि गेला.

आठवड्याने खालच्या कडेला मला भुईमुगाच्या शेंगेसारखी लोंबणारी चार घरं दिसली. ती राणीची घरं आहेत एवढं मी ओळखलं, आणि त्याचा मला फार अभिमान वाटला. जुनी राणी म्हातारी झाली असेल, दुसरी तयार करताहेत, असं म्हणून मी पेटी मिटली. मग दुपारी माश्या दाराशी घोसाने लटकून बसू लागल्या. मी म्हटलं, उकाडा आहे. पेटीवर ओलं गोणपाट टाकलं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार असतं. हा आजार शाळेतच जडला.

एका सकाळी दहाच्या सुमारास मी स्वयंपाकघरात सांबारासाठी वांगी चिरत होते. परसातून यजमानांची हाक आली, “अगं, तुझे सगळे विद्यार्थी निघालेत!”

धावत गेले. पेटीच्या दारातून माश्या पाण्यासारख्या बाहेर लोटत होत्या. परसभर भोवरा फिरत होता आणि आवाज असा, की पावलांना जाणवावा. पाहता पाहता सगळ्या शेवग्याच्या उंच फांदीवर जमल्या आणि दुधी भोपळ्याएवढा घोस लोंबू लागला.

मी फोन लावला. “तंबी, माश्या पळाल्या!”

“पळाल्या नाहीत, टीचर. घर फुटलं. जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघाली. त्या दिवशी मी सांगत होतो... मी बसने येतो. हात लावू नका.”

हात लावू नका म्हटल्यावर मी डोक्यावरून जुना दुपट्टा घेतला, टोपली घेतली आणि स्टुलावर चढले. यजमानांनी स्टूल धरलं होतं, पण पहिली माशी कानाशी येताच ते घरात होते. माझा हात फांदीला जेमतेम टेकला. भुवईवर एक डंख बसला आणि मी टोपलीसकट खाली आले. तासाभराने घोस सुटला आणि गावाच्या दिशेने उडून गेला. त्यानंतर वीस मिनिटांनी तंबी पोचला.

माझा सुजलेला डोळा पाहून तो हसला नाही. पेटी उघडून त्याने उरलेल्या माश्या दाखवल्या. “ही घरं अशीच ठेवली तर परत फुटेल. एक ठेवायचं.”

“तंबी, त्या दिवशी तू हे सगळं का सांगितलं नाहीस?”

“तुम्ही शिकवत होतात, टीचर.”

मी म्हटलं, “आता तू सांग. मी मध्ये बोलणार नाही.” तरी दोनदा बोललेच.

त्याने एक घर राखलं, दोन मोडली. चौथं पोळ्याच्या तुकड्यासकट कापून, टोक खाली राहील असं कापसात बसवून शर्टाच्या खिशात ठेवलं. त्याच्या एका पेटीत राणी नव्हती. खिशावर हात धरून तो पापनाशमच्या बसमध्ये चढला.

पुढच्या रविवारी मी त्याच्या बागेत गेले. त्याने एक चौकट माझ्या हातात दिली आणि विचारलं, “काय दिसतं?”

खालच्या कडेला वाटीसारखं काहीतरी होतं. “राणीचं घर! ही पेटी फुटणार,” मी म्हटलं.

“आत अंडं आहे का?”

मी चष्मा पुसला, उजेडात चौकट धरली. वाटी रिकामी होती.

“मग अजून नाही,” तो म्हणाला. “अशा रिकाम्या वाट्या त्या बांधतच असतात. अंडं दिसलं की घाई करायची.” आणि त्याने दुसरी चौकट पुढे केली.