ओट्यावरचा उपास

लातूरला मला लिहायवाचायला शिकवायला एक ख्रिस्ती बाई घरी यायची. राज्य निजामाचं. माझा नवरा कचेरीत कारकून, दिवसभर उर्दूत कागद लिहायचा, आणि बायकोला निदान मराठी वाचता यावं अशी त्याला हौस. सासूबाईंनी एका अटीवर होकार दिला होता. बाईचे आईबाप मूळचे गावकुसाबाहेरचे, तेव्हा बाई ओट्यावर बसेल आणि मी उंबरठ्याच्या आत. पाटी तिनं खाली ठेवायची, तिच्यावर चार थेंब पाणी शिंपडून मग मी उचलायची. कधी कधी त्या पाण्यानं बाईनं काढलेलं अक्षरच पुसलं जायचं. ती मुकाट्यानं पुन्हा काढून द्यायची. दोन वर्षं मी अशी शिकले आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट मी स्वतःला भारी सुधारलेली समजत होते.

माझी पहिली मुलगी आठ महिन्यांची असताना तापानं पडली. हकीम येऊन गेले, काढे झाले, ताप काही हटेना. चौथ्या दिवशी तिनं दूध तोंडात घ्यायचं सोडलं. सासूबाईंनी उपास धरला. दिवसातून एकदा भगर आणि शेंगदाण्याची आमटी, बाकी काही नाही. डोक्याला तेल नाही, केसांना फणी नाही. सगळ्या गल्लीला ठाऊक झालं की आजी नातीसाठी उपाशी आहे. आमच्यात उपास असा चारचौघांत असतो, आणि मला त्याचा आधारही वाटत होता.

बाई रोज दुपारी येतच होती. पाटी आणायची नाही. ओट्यावर डोळे मिटून तासभर बसायची, ओठ हलायचे, मग उठून जायची. तोंड स्वच्छ धुतलेलं, केस तेल लावून चापूनचोपून बसवलेले, लुगडं धुवट. ते बघून माझं डोकं फिरायचं. इथं माझं लेकरू जायला टेकलंय आणि ही लग्नघरी निघाल्यासारखी येते, असं मनात यायचं. सासूबाई मात्र आपल्या फराळातली भगर पानावर घालून तिच्यापुढे ठेवायच्या. ती हात जोडून घ्यायची आणि पदराखाली घरी न्यायची. म्हणजे खाण्यापिण्याचं हिचं झकास चाललंय, असा मी हिशेब मांडला. एके दिवशी मला राहवलं नाही.

"तुम्हाला काय त्याचं, बाई? लेकरू माझं आहे," मी म्हणाले.

तिनं मान खाली घातली. पुन्हा डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी जायला म्हणून उठली आणि ओट्यावरच कोसळली. सासूबाई धावल्या. मी वरून पाणी ओतलं, तिनं ओंजळीत घेऊन दोन घोट प्यायले. शेवटचं कधी जेवलीस, असं सासूबाईंनी विचारलं. ती सांगेना. तीनदा खोदून विचारल्यावर तिनं वार सांगितला, आणि मी बोटांवर मोजलं. चार दिवस. चार दिवस नुसत्या पाण्यावर.

"आन् आमची भगर?" सासूबाईंचा आवाज चढला.

"टाकली न्हाई, माय. शेजारची म्हातारी आंधळी हाय, तिला दिली. आमच्यात उपास असला की कणभर घ्यायचं नसतं. आन् कुणाला दाखवायचंबी नसतं. तोंड धुवायचं, तेल लावायचं. ज्याच्याकडं मागायचं त्यालाच तेवढं ठावं असावं."

कुणासाठी मागत होतीस, हे विचारायची गरज नव्हती. ती आत, पाळण्याकडे बघत होती. आदल्या दिवशीचे माझेच शब्द कानात वाजायला लागले आणि धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला घाम फुटला. दुपारपर्यंत अंग गार झालं आणि ती दूध ओढायला लागली. कोणाच्या उपासानं, की काढ्यानं, की तिच्या आयुष्याच्या दोरीनं, मला आजही सांगता येणार नाही. पण खरा धक्का मला त्यानंतर बसला.

आमच्या घरचा नेम होता. ज्या घरासाठी उपास धरला, पारणं त्याच घरी, पानावर बसून फेडायचं. सासूबाई नेमाला इतक्या पक्क्या की मी वैतागून जायचे. त्या दिवशी त्यांनी माजघरात दोन पाट मांडले, शेजारी शेजारी. एक स्वतःचा. दुसरा कोणाचा, हे कळायला मला वेळ लागला.

"जा," त्या म्हणाल्या. "तिला हात धरून आत आण. तिनं आपल्या लेकरासाठी उपास केलाय."

मी बाहेर गेले. बाई ओट्यावर उभी होती, अशक्त, पण तोंड धुतलेलं आणि केसांना तेल लावलेलं. जो हात धरायचा, त्यानंच मला अक्षरं काढून दिली होती. चार पावलांचं अंतर होतं. माझा हात वर उचललाच गेला नाही. मी, सुधारलेली, शिकलेली, तिथं खिळून राहिले. बाईच्या ते लगेच लक्षात आलं.

"मी हितंच बसते, ताई. हितंच बरं हाय," ती म्हणाली.

मागून सासूबाई आल्या. मला बाजूला सारून त्यांनी बाईचं मनगट धरलं आणि उंबरठा ओलांडून तिला आत नेलं. आयुष्यभर सोवळं पाळलेल्या सासूबाईंनी. माझ्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

बाईनं डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काही म्हणाली, आणि भाताचा पहिला घास घेतला. मी वाढत होते. तिच्या पानात वाढताना मी पळी वरच धरत होते, पानाला लागू नये म्हणून. तेही तिनं पाहिलं.

माझी मुलगी आता स्वतः आजी झाली आहे. तापाची आणि उपासाची गोष्ट मी तिला शंभरदा सांगितली. त्या गोष्टीत बाईला हात धरून आत आणणारी मी असते.