कोजोला मी दोनदा हो म्हणालो

फोन आला तेव्हा मी आखातातल्या अल वक्राच्या मेट्रो स्टेशनात सरकत्या जिन्यावर होतो. कोजोच्या फुटबॉल अकादमीतला दुसरा प्रशिक्षक बोलत होता. सकाळी मुलं यायच्या आधी कोजो मैदानावर सरावाची मांडामांड करत होता, खाली बसला, मग आडवा झाला... अ‍ॅम्ब्युलन्स आली, पण उपयोग झाला नाही. मी "बरं" म्हणालो. खरंच, एवढंच म्हणालो. मेट्रो पकडली, क्लिनिकला गेलो, दोन पेशंट तपासले. तिसऱ्याचा खांदा हातात धरल्यावर लक्षात आलं, की आपण अजून कुणालाच काही सांगितलेलं नाही.

कोजो घानाचा, कुमासीचा. युरोपात बरेच मोसम खेळून तिशी ओलांडल्यावर तो इथल्या एका क्लबात आला. मी नाशिकचा, त्याच क्लबात फिजिओथेरपिस्ट होतो. तो मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मधोमध खेळणारा. गोल दुसरे करतात, टाळ्या त्यांना पडतात. कोजोचं नाव पेपरात क्वचितच यायचं. पण तो नसला, की बाकीच्यांची एकमेकांशी ओळखच नसल्यासारखा खेळ व्हायचा. आमच्या घरी त्याला सगळे कोजोभाऊ म्हणायचे. आमटी तिखट नाही म्हणून तो वर हिरवी मिरची मागून घ्यायचा आणि कुमासीला असलेल्या बायकोच्या, अबेनाच्या, हातच्या जेवणाच्या गोष्टी सांगायचा.

त्याच्या शेवटच्या मोसमात उजवा गुडघा पार झिजला होता. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी तो माझ्यासमोर येऊन बसला. "डॉक, फिट लिहून दे. आई आलीय. तिनं मला मैदानात कधीच पाहिलेलं नाही." खेळू द्यायचं नाही, हे मला कळत होतं. तरी मी सही केली. पहिला अर्धा तास तो असा खेळला, की राखीव खेळाडू बाकावरून उठून उभे राहिले. मग एकदा वळताना अंग वळलं आणि गुडघा जागीच राहिला. त्याला स्ट्रेचरवरून नेत होते तेव्हा त्याची आई उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, लेकाचा मान करताहेत...

"खलास," ड्रेसिंग रूममध्ये तो म्हणाला. काही दिवसांनी कुबड्या घेऊन घरी आला तेव्हा मी माफी मागायला लागलो, तर त्यानं हात झटकला. "तू सही केली नसतीस तर दुसऱ्या कुणाची तरी आणली असती. सोड." मला ते सोडता आलं नाही.

तो परत गेला नाही. मुलांना शिकवायला इथेच राहिला. आमची मुलगी सई त्याच्याकडे शिकायला जायची. या वर्षी एकदा आमच्या तिसऱ्या मजल्यावर येताना तो जिन्यात दोनदा थांबला. छातीत जड वाटतं म्हणाला. मी म्हटलं, "आत्ता चल, ईसीजी काढू."

"मुलांची स्पर्धा आठवड्यावर आलीय. ती झाली की येतो, इन्शाल्ला. आणि अबेनाला काही बोलू नकोस."

मी पुन्हा हो म्हणालो. पाचव्या दिवशी तो गेला.

त्याला घरी पाठवायची कागदपत्रं मीच केली. फॉर्म भरत होतो, शिक्के घेत होतो, हात व्यवस्थित चालत होते. अबेनानं फोनवर विचारलं, "त्याला काही त्रास होत होता का?" मी "नाही" म्हणालो.

दीड महिन्यानं मी तिला फोन केला आणि खरं ते सांगितलं. जिना, छाती, स्पर्धा, सगळं.  ती म्हणाली, "तेव्हाच सांगायचं होतंस, डॉक्टर. मी ओरडले असते. माझं तो ऐकायचा." फोन मात्र तिनं ठेवला नाही. पलीकडे तिच्या मुली भांडी घासत होत्या, तो आवाज आम्ही दोघं ऐकत राहिलो.

मला अजून रडू आलेलं नाही. झोप लागते, भूकही लागते. काल जेवताना मी सईपुढे पाण्याचा पेला धरला. हात पुढे करण्याआधी तिनं मान वळवून डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं, मग उजव्या. मागे फक्त फ्रिज होता.

"काय बघतेस गं?"

"कोच सेज," ती म्हणाली, "चेंडू यायच्या आधी मागे कोण आहे ते बघायचं." आणि पेला घेतला.